दुपारी चार वाजता अंधार कुठं असतो

कुशाबाईंबद्दल लिहायचं तर आधी माझा गुन्हा लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हा बाळाजी नुसता दुसऱ्यांच्या नावानं खडे फोडतोय. त्यांचं स्टूल बोल्ट मारून जमिनीला पक्कं केलं ते मी. बारा एमएमचे चार बोल्ट. साहेबांनी सांगितलं, मी ड्रिल घेऊन गेलो, वीस मिनिटांत काम उरकलं आणि चहाला गेलो. चहा चांगला झाला होता, तेही आठवतं.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. परभणीला इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केला आणि तेव्हापासून बावीस वर्षं इथंच. आमच्याकडं टेम्पोच्या स्टिअरिंगचे आर्म बनतात. आर्म म्हणजे दीड वीत लांबीचा, दोन किलोचा लोखंडी दांडा. ड्रायव्हरनं स्टिअरिंग वळवलं की ते वळण पुढच्या चाकापर्यंत जातं ते ह्या दांड्यातून. हा मधेच तुटला तर ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवत बसतो आणि टेम्पो त्याला पाहिजे तिकडं जातो.

ह्या आर्ममध्ये कधीकधी चीर असते. केसाहून बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. ती शोधायला आमच्याकडं काळी खोली आहे. खोली कसली, लोखंडी सांगाड्याला चारी बाजूंनी काळे पडदे आणि वर काळी ताडपत्री. आत आर्मला करंट देऊन त्याचा चुंबक करतात आणि त्यावर लोखंडाची भुकटी कालवलेलं हिरवट पाणी सोडतात. चीर असेल तिथं भुकटी धरते आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवी रेघ चमकते. पण खोलीत गच्च अंधार असेल तरच. बाहेरचा थोडा उजेड आत आला की रेघ मरते आणि चिरलेला आर्म चांगल्या आर्मसारखा दिसायला लागतो.

त्या खोलीत कुशाबाई एकोणीस वर्षं बसल्या. ठेकेदाराच्या कामगार, म्हणजे कागदावर दर अकरा महिन्यांनी नव्या. गाव चाकणच्या अलीकडं. घरची जमीन गेली, तिच्यावर आता कुणाचं तरी गोदाम आहे. त्याचं रडगाणं त्यांनी माझ्यासमोर कधी गायलं नाही. सकाळी साडेआठला त्या पडद्याआड जायच्या आणि पहिली पाच मिनिटं डोळे मिटून नुसत्या बसायच्या. पोरं हसायची, कुशाबाईंची समाधी लागली म्हणायची. त्या म्हणायच्या, "डोळं मुरू द्यावं लागत्यात. लोणचं घातल्या घातल्या खाता व्हय रे?" एकदा डोळे मुरले की त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर येत नसत. चहासुद्धा आतच, अंधारात. बाहेर आलं की मुरलेलं सगळं वाया जातं आणि परत पाच मिनिटं घालवावी लागतात, हे त्यांना कुठल्या ट्रेनिंगनं शिकवलं नव्हतं.

चांगल्या आर्मवर त्या ब्रशनं पिवळा ठिपका द्यायच्या. गिऱ्हाईक कंपनीचे लोक म्हणायचे, कुशाबाईंचा ठिपका असला की आम्ही परत बघत नाही. एकोणीस वर्षांत एक आर्म परत आला नव्हता. आमच्या कंपनीच्या भिंतीवर सतरा सर्टिफिकेटं आहेत, फ्रेम करून लावलेली. ह्या गोष्टीचं एकही नाही.

मागच्या वर्षी छपराची जुनी मळकी पारदर्शक शीटं काढून नवी लख्ख बसवली, दिवसा दिवे लावायला नकोत म्हणून. तिथून खोलीचा अंधार बिघडला. काळ्या खोलीच्या ताडपत्रीतून हवा ओढणारा पाइप वर जातो आणि त्याच्या भोवती हातभर फट आहे. छपरातून आलेलं ऊन त्या फटीतून आत पडायला लागलं. मी दोनदा पुठ्ठा लावला. एकदा तो पडला आणि एकदा सेफ्टीवाल्यानं आगीचा धोका म्हणून फाडून नेला. नवी ताडपत्री मागितली, तर अर्ज कुठल्या तरी टेबलावर जाऊन झोपला.

कुशाबाईंनी कुरकुर केली नाही. त्यांनी उपाय काढला. सकाळी ऊन पूर्वेकडून तिरपं येतं, म्हणून उजेडाचा पट्टा खोलीत पश्चिमेच्या अंगाला पडतो आणि पूर्वेचा कोपरा काळाकुट्ट राहतो. सूर्य चढला की पट्टा टेबलावरून सरकत सरकत येतो आणि दुपारी चारला बरोबर पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तेव्हा काळोख असतो पश्चिमेला. म्हणून कुशाबाई सकाळी पूर्वेला बसायच्या आणि दिवसभर वीत वीत स्टूल सरकवत चारपर्यंत पश्चिमेच्या पडद्याला टेकायच्या. जांभळा दिवा आडव्या पाइपावर आकड्याला लटकत होता, तोही बरोबर सरकायचा. तो आकडा मीच करून दिला होता. ह्या सगळ्या प्रकरणात मला बरं वाटावं अशी तेवढीच एक गोष्ट आहे.

"बाळाजी, अंधार चालतो रे," त्या मला म्हणाल्या होत्या. "गडी दमानं चालतो, पण थांबत न्हाई."

मग कंपनीत फाइव्ह एस आलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही जपान्यांची नीटनेटकेपणाची पद्धत आहे. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर. पद्धत वाईट नाही. पण आमच्याकडं आली ती स्पर्धा म्हणून, आणि स्पर्धा म्हटली की आमचे लोक अक्कल लॉकरमध्ये ठेवून येतात. झाडू टांगायच्या खिळ्याखाली झाडूचं चित्र काढलं. पाण्याच्या पिंपाभोवती पिवळी पट्टी मारली. क्वालिटीचे इंजिनिअर ज्ञानेश सर कॅमेरा घेऊन कारखान्याच्या सगळ्या शॉपमधून फिरले. काळ्या खोलीत आले तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. स्टूल पूर्वेला होतं. फोटो निघाला, फोटोप्रमाणं पिवळा चौकोन आखला गेला आणि ती झाली स्टुलाची जागा.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मला सांगितलं, स्टूल फिक्स कर, दिवाही फिक्स कर, दुपारच्या राउंडला ते सारखं चौकोनाबाहेर सापडतं. मी ड्रिल लावलं तेव्हा कुशाबाई पडदा धरून उभ्या होत्या.

"ह्ये परत निघतील ना रे?" त्यांनी विचारलं.

"साहेबांना विचारा," मी म्हणालो.

बावीस वर्षं कंपनीत काढलेल्या माणसाचं हे ठरलेलं उत्तर. ह्या उत्तरावर माझी दोन पोरं शिकली. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यांनी साहेबांना विचारलंही. मी तिथंच बोल्ट आवळत होतो, म्हणून शब्दन् शब्द माहीत आहे. ज्ञानेश सर वाईट माणूस नाही. वय तिशीच्या आत, तळवड्याला राहतो, कुशाबाईंच्या डब्यातला ठेचा त्यानं मागून मागून खाल्लाय. त्याच्या हातात उजेड मोजायचं मीटर होतं. ते त्यानं स्टुलावर ठेवलं आणि आकडा दाखवला.

"मावशी, हे बघा. लिमिटच्या निम्मंसुद्धा नाही. एकदम परफेक्ट अंधार आहे."

"आत्ता हाय. तुमी सकाळीच मोजता. चार वाजता तो हितं नसतो."

"कोण नसतो?"

"अंधार. तो त्या तिकडं जातो."

ज्ञानेश सर हसला. "मावशी, अंधार म्हणजे वस्तू आहे का? उजेड नसणं म्हणजे अंधार. जी गोष्ट मुळात नाहीच ती इकडून तिकडं जाईल कशी? पाचवीच्या पुस्तकात आहे हे."

पोरं हसली. मीही हसलो असेन. कुशाबाई पडदा सोडून आत गेल्या.

ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी शेअर रिक्षानं घरी जाताना विचार करत होतो. बावीस वर्षं मी उजेडाच्या वायरी ओढतोय, अंधाराची वायर कुणी ओढत नाही. बटण बंद केलं की आपण म्हणतो अंधार आला. कुठून आला? कुठूनच नाही. उजेड निघून गेल्यावर उरतं त्याला आपण अंधार म्हणतो. त्याला वजन नाही, तो बादलीत भरता येत नाही, त्याचा झटका बसत नाही. इथपर्यंत ज्ञानेश सरचं बरोबर होतं. तेवढ्यात शेजारून एक कंटेनर गेला आणि त्याची सावली आमच्या रिक्षावरून, टपरीवरच्या माणसांवरून, भिंतीवरून पळत गेली. सावलीही वस्तू नाही. पण टपरीवरच्या म्हाताऱ्याला तेवढा वेळ ऊन लागलं नाही, हे तर खरं. मग त्याच्या अंगावरून गेलं ते काय होतं? पुस्तकातलं वाक्य खरं आणि म्हाताऱ्याला लागलेली सावलीही खरी. नसलेल्या गोष्टीची जागासुद्धा बदलते, आणि कुशाबाईंचं सगळं काम त्या जागेवर अवलंबून होतं.

एवढं मला कळलं होतं. तरी मी पाच आठवडे मूग गिळून बसलो. हा माझा दुसरा गुन्हा, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे.

त्या पाच आठवड्यांत कुशाबाईंनी काय नाही केलं! दुपारी डोक्यावरून एप्रन ओढून दिवा आणि आर्म त्याच्याखाली घ्यायच्या. पण दोन किलोचा दांडा फिरवायला दोन्ही हात लागतात, एप्रन घसरायचा. वेळ जास्त लागायचा, क्रेट साचायचे आणि दुपारी चारला लाउडस्पीकरवरून त्यांचं नाव घेऊन विचारलं जायचं, काळ्या खोलीत माल का अडलाय? चोपन्न वर्षांच्या बाईचं नाव सगळ्या शॉपसमोर असं रोज पुकारायचं. मग त्या ठिपके देत गेल्या.

गुढीपाडवा झाला आणि चाकणच्या गिऱ्हाईक कंपनीतून फोन आला. चाचणी करताना एक आर्म तुटला. त्याच क्रेटमधले बाकीचे तपासले तर आणखी दोन चिरलेले निघाले. तिन्हींवर पिवळा ठिपका होता. क्रेटच्या कार्डावर तारीख होती आणि तास लिहिला होता, चार ते पाच.

दुसऱ्या दिवशी मी ज्ञानेश सरच्या केबिनमध्ये शिडीवर चढून ट्यूब बदलत होतो. खाली कुशाबाईंना बोलावलं. शिडीवरचा माणूस साहेब लोकांना दिसत नाही, तो फर्निचरमध्ये मोडतो. सरनं एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला आणि वाचून दाखवला. अमुक तारखेला दुपारी माझं कामात लक्ष नव्हतं, त्यामुळं तीन आर्म चुकून पास झाले, पुन्हा असं होणार नाही.

"सही करा मावशी. एक वॉर्निंग लेटर निघेल, बस. काम चालू राहील तुमचं. मी वर बोललोय."

"त्या दिशी माझं लक्ष व्हतं," कुशाबाई म्हणाल्या. "मला दिसत न्हवतं. ह्या दोन गोष्टी येगळ्या हायेत."

"हो, पण लिहिताना..."

"लिव्हायचं तर खरं लिव्हा. पाच आठवडं दुपारचं मला दिसत न्हवतं. न दिसता म्या ठिपकं दिलं, ही माझी चूक. रोज भोंग्यावर नाव पुकारायचं म्हणून दिलं. द्यायला नको व्हतं. असं लिव्हा, आत्ता सही करते."

ज्ञानेश सरचा चेहरा उतरला. "अहो, असं लिहिलं तर एका दिवसाचा नाही, पाच आठवड्यांचा दुपारचा सगळा माल संशयात येईल. तीन हजार पीस आहेत. सगळे परत बोलवावे लागतील."

"बोलवा की. त्यापायीच सांगते."

"मावशी, तुमचं काम जाईल."

"माझं काम जाईल. टेम्पोत बसलेल्याचं काय जाईल, त्ये बी लिव्हा कागदावर."

मी वर ट्यूब हातात धरून उभा होतो. त्या कागदाची लबाडी मला तेव्हा कळली आणि डोकं तडकलं. कुशाबाईंचं त्या दिवशी लक्ष नव्हतं म्हटलं की एका दिवसाचा माल परत घ्यायचा आणि विषय संपवायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी. उरलेले चिरलेले आर्म मात्र टेम्पोत बसून नाशिक रोडवर पळत राहणार, आणि त्या टेम्पोंत भाजीवाले असणार, शाळेची पोरं असणार. हे केबिनमधल्या दोघांनाही दिसत होतं. त्यातल्या बोलल्या एकट्या कुशाबाई. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि त्या उठून गेल्या.

मोठ्या साहेबांनी त्यांना शनिवारपर्यंत मुदत दिली. सही, नाहीतर गेटपास बंद.

शुक्रवारी गिऱ्हाईक कंपनीच्या विजयश्री मॅडम पाहणीला येणार होत्या. कार्यक्रम छापलेला होता. सकाळी दहाला काळी खोली, अकराला सादरीकरण, मग जेवण. दहाला! दहाला त्या खोलीत मांजर बसलं तरी दिसलं नसतं. मॅडम अंधार बघणार, मीटर बघणार, मान डोलावणार आणि कुशाबाई शनिवारी घरी जाणार.

मी आयुष्यात कंपनीच्या मशीनला मुद्दाम हात लावला नव्हता. त्या दिवशी पावणेदहाला गेलो आणि काळ्या खोलीच्या लाइनचा एमसीबी, म्हणजे करंट तोडणारा खटका, खाली पाडला. नंतर पॅनेल उघडून त्यात डोकं घातलं. कुणी विचारलं की "फॉल्ट शोधतोय" म्हणायचो. ज्ञानेश सर चार वेळा येऊन गेला. सादरीकरण झालं, जेवण झालं, मॅडमनी घड्याळ बघितलं. फॉल्ट मला सापडेना. पावणेचारला सापडला.

खोलीत आम्ही पाच जण होतो: मॅडम, मोठे साहेब, ज्ञानेश सर, कुशाबाई, आणि दिवा तपासायला म्हणून मी. पडदे ओढले. उजेडाचा पट्टा बोल्ट मारलेल्या स्टुलावर ऐसपैस पसरला होता. कुशाबाईंनी मॅडमना त्याच स्टुलावर बसवलं आणि पाच मिनिटं डोळे मिटायला सांगितले. मोठे साहेब म्हणाले, वेळ नाहीये. मॅडम म्हणाल्या, असू दे, आणि त्यांनी डोळे मिटले. पाच मिनिटांनी कुशाबाईंनी परत आलेला, चिरलेला आर्म चुंबक करून, पाणी सोडून त्यांच्या हातात दिला.

"शोधा."

मॅडमनी आर्म फिरवून फिरवून बघितला. नाही सापडली. ज्ञानेश सरनं घेतला. त्याला चीर कुठं आहे ते माहीत होतं, रिपोर्ट त्यानंच लिहिला होता, तरी त्याला दिसेना. त्यानं आर्म तीनदा डोळ्यांपाशी नेला आणि मग नुसता हातात धरून उभा राहिला.

मी खिशातून पाना काढला. कुणाला विचारलं नाही. चारी बोल्ट सोडले, दिव्याची पट्टी सोडली, आकडा परत पाइपावर टाकला आणि स्टूल पश्चिमेच्या पडद्याशी नेऊन ठेवलं. मोठे साहेब "ए, ए" म्हणाले. त्यांना माझं नाव माहीत नसावं. मॅडम तिथं जाऊन बसल्या. पुन्हा पाच मिनिटं डोळे मिटले. मग त्यांनी आर्म दिव्याखाली धरला आणि त्यावर बोटभर लांबीची हिरवी रेघ चमकली. आम्हा पाचही जणांना ती दिसली.

"पण मॅडम, रीडिंग लिमिटमध्ये होतं," ज्ञानेश सर म्हणाला. "अंधार असा हलतो, हे कुणाला..."

"सर," कुशाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मी सहा वर्साची व्हते तवा आमच्या घरची कालवड झाडाखाली बांधायचं काम माझ्याकडं व्हतं. सावली सरकली की खुट्टी उपटायची अन् पुढं ठोकायची. एक दिस खेळायच्या नादात इसरले. सावली गेली निघून अन् कालवड दुपारभर उन्हात तडफडत उभी. बाबानं मला बडवली. पर सावली काय वस्तू हाय, ती जाईल कशी, असं त्यो न्हाई म्हणाला. सहा वर्साच्या पोरीला जे कळतं, त्ये मी तुमास्नी त्या दिशी सांगितलं. तुमी हसला."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "दुपारचा सगळा माल थांबवा," त्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या. "गोदामातला आणि गाड्यांत बसलेलाही. गाड्या आम्ही बोलावून घेतो. तपासणार कोण?"

"म्या," कुशाबाई म्हणाल्या. "ठिपकं माझं हायेत."

नऊ दिवस त्या तपासत होत्या. स्टूल मोकळं होतं. चोवीसशे आर्म गोदामातून आले होते, बाकीचे सहाशे गाड्यांत बसून गेले होते. चोवीसशेंत अकरा चिरलेले निघाले. एकेक सापडला की त्या तो ज्ञानेश सरच्या टेबलावर नेऊन ठेवत. दहाव्याच दिवशी सकाळी गेटवर त्यांचा पास चालेना. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, अकरा महिने झाले, करार संपला, नवीन करारात नाव नाही. काम होईपर्यंत त्यांना करार संपल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. उपकाराची फेड करायची ही आमच्याकडची रीत. मी गेटवर पोचलो तोवर त्या चाकणच्या बसमध्ये बसून गेल्या होत्या. त्यांचा चहाचा स्टीलचा पेला काळ्या खोलीतच राहिला.

रिपोर्ट नंतर नोटीस बोर्डावर लागला. कारण: वरच्या आच्छादनात फट. उपाय: फट बंद केली. दोन ओळी. ताडपत्री तासाभरात लागली, मीच लावली. वर्षभर झोपलेला अर्ज उठून चालत आला. ज्यांनी चौकोन आखला, ज्यांनी लाउडस्पीकरवर नाव पुकारलं, ज्यांनी तो कागद टाइप केला, त्यांतल्या कुणाचा केसही वाकडा झाला नाही. माझाही नाही. एमसीबीचं कुणाच्या लक्षात आलं नसेल, किंवा ज्ञानेश सरच्या आलं असेल आणि तो गप्प बसला असेल.

कुशाबाईंच्या जागी वर्षाली नावाची नवी मुलगी आली. पहिल्याच आठवड्यात मला निरोप आला, स्टूल फिक्स कर. मी पाना घेऊन नाही, मोकळ्या हातानं ज्ञानेश सरच्या केबिनमध्ये गेलो.

"बोल्ट मारणार नाही," मी म्हणालो. "मेमो द्यायचा तर द्या."

"बाळाजी भाऊ, आता फट बंद आहे ना. आता अंधार हलत नाही."

"मग स्टूल हललं तर काय बिघडतं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. टेबलावर त्यानं अकरातला एक आर्म पेपरवेटसारखा ठेवून घेतलाय, त्यावर त्याचा हात होता. मेमो आला नाही. स्टूल मोकळं आहे.

त्या रविवारी मी ते चार बोल्ट आणि स्टीलचा पेला घेऊन कुशाबाईंच्या गावी गेलो. का नेले ते नीट सांगता येत नाही. माफी मागायला गेलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असावं, असं वाटलं. त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, ताडपत्री, रिपोर्ट, वर्षाली, स्टूल. बोल्ट पुढं ठेवले आणि म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, हे निघतील का. मी नीट उत्तर दिलं नाही. चुकलं माझं."

त्यांनी पेला घेतला. बोल्ट घेतले नाहीत.

"सहाशे गाड्यांत बसलं व्हतं," त्या म्हणाल्या. "किती आल्या?"

हे मी विजयश्री मॅडमच्या ऑफिसात फोन करून विचारून ठेवलं होतं, कारण त्या हेच विचारणार हे मला माहीत होतं. "पाचशे शहाऐंशी."

"म्हंजी चौदा ऱ्हायल्या."

"पत्ते बदललेत, फोन लागत नाहीत. कंपनी शोधतेय."

कुशाबाई कितीतरी वेळ शेंगा फोडत राहिल्या. त्यांचं गाव रस्त्याला लागून आहे, दारातून सारख्या गाड्या जाताना दिसतात. त्या प्रत्येक टेम्पोच्या पुढच्या चाकाकडं बघत होत्या. मग त्यांनी बोल्ट माझ्याकडं सरकवले.

"तुझ्याकडंच ठेव. चौदाच्या चौदा आल्या की घिऊन ये. तवा बगू माफीचं."

ह्याला चार महिने झाले. दर सोमवारी मी फोन करतो. तिकडची पोरगी आता माझा आवाज ओळखते आणि नमस्कार व्हायच्या आधी राहिलेल्या गाड्यांचा आकडा सांगते. ह्या सोमवारी तिनं तीन सांगितला. बोल्ट माझ्या हत्यारांच्या पेटीत आहेत.